झाकण लावून केलेलं शूटिंग

१

कार्ड ओलं झालेलंच नव्हतं.

रजनीने कॅमेऱ्यातलं ते मेमरी कार्ड भिंगाखाली धरून दोन्ही अंगांनी पाहिलं. सोनेरी पट्ट्या लख्ख होत्या, गंजाचा ठिपका नव्हता, फटीत गाळाचा कण नव्हता. धरणात पडलेली, विहिरीत पडलेली, एकदा तर लग्नातल्या रश्श्याच्या पातेल्यात पडलेली कार्डंही तिच्याकडे आली होती. पाणी आपली खूण ठेवून जातं. इथे खूणच नव्हती.

“बाबा, हे पाण्यात पडलं होतं असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेल्या कुशाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “समदेच म्हनत्यात, ताई. कॅमेऱ्यात पानी ग्येलं आन् आतलं शुटिंग पुसलं. मला त्यातलं काय कळत न्हाई. पर त्या शुटिंगमदी माझ्या राजूची सुटका हाय, येवढं कळतंय.”

भुकूमच्या एका इमारतीत, तळमजल्यावरच्या खोलीत रजनीचा व्यवसाय चालायचा. बिघडलेल्या कार्डांतून, डिस्कमधून हरवलेल्या फायली काढून द्यायच्या. अंबाजोगाईहून येऊन तिने बरीच वर्षं हिंजवडीत नोकरी केली, मग कंपनीने माणसं कमी केली तेव्हा हे सुरू केलं. लोक तिच्याकडे यायचे ते काहीतरी हातचं गेल्यावरच. पूर्वी लग्नाची शूटिंगं जास्त असायची. हल्ली गेलेल्या माणसांची असायची.

हेही तसंच होतं.

मुळशी धरणाच्या काठाला कुशाबांची भाताची खाचरं. त्यांच्या मुलाने, राजूने, खालच्या खाचरात पाहुण्यांसाठी तंबू टाकले होते आणि दोन कयाक, वल्ह्याच्या अरुंद होड्या, घेतल्या होत्या. मार्गशीर्षातल्या थंडीत तिथे तिघं मुक्कामाला आले. शैलेश, त्याची बायको उत्कर्षा आणि दोघांचा मित्र नरहरी. तिघंही हिंजवडीत नोकरीला. शैलेशला पक्ष्यांचं शूटिंग करायचं वेड. सकाळी राजूला पाण्यावर उलटी कयाक दिसली आणि दुपारी शैलेशचा देह हाती लागला. अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं.

“त्यो मैतर म्हनला, आमी दोघं झोपलो व्हतो, शैलेश एकलाच ग्येला, आन् राजूनं कुनालाच जाकीट दिलं न्हवतं. झालं. क्येस राजूवर. आता जामिनावर हाय. तंबू ग्येले, पोराचं लगीन मोडलं. घरात कुनी कुनाशी बोलत न्हाई.” कुशाबा थांबले. “राजू म्हनतोय, म्या जाकीट दिलं व्हतं. पर कोन ऐकतंय?”

“आणि कॅमेरा कुठे होता त्या वेळी?”

“काठावर. तीन पायाच्या त्या घोड्यावर उभा. शैलेशरावांनी पाटंपासनं चालूच ठिवला व्हता म्हनं. पोलिसांनी बघितला, लिवून घ्येतला, आन् बॅगंत घालून माघारी दिला. बुडाला मानूस पान्यात, काठावरच्या कॅमेऱ्याचं त्यांना काय?”

“काठावरच्या कॅमेऱ्यात पाणी कसं जाईल, बाबा?”

कुशाबा कार्डाकडे निरखून पाहू लागले.

रजनीने कार्ड यंत्रात सरकवलं. रिकामं. पण रिकामेपणातही फरक असतो. आपणहून बिघडलेलं कार्ड अर्धवट नावं, तुटके तुकडे असा पसारा दाखवतं. हे कार्ड स्वच्छ होतं. कोणीतरी ते नीट नव्याने फॉरमॅट केलं होतं.

ती कुशाबांकडे वळली. “हे बिघडलेलं नाही. कोणीतरी मुद्दाम पुसलंय.”

२

कार्ड पुसलं तरी आतलं लगेच नाहीसं होत नाही, हाच तर रजनीचा धंदा होता. पुसली जाते ती फक्त कुठे काय ठेवलंय याची नोंद. त्यावर नवं काही भरलं गेलं नाही, तर जुनं तसंच पडून असतं.

कुशाबा पौडची बस धरायला गेले. त्यांच्यादेखतच तिने उत्कर्षाला फोन करून परवानगी घेतली होती. पलीकडचा आवाज थकलेला होता. “कार्ड मीच दिलंय त्यांना. काढा काय निघेल ते. मला आता कशाचीच भीती नाही.”

दुपारपर्यंत फायली सापडू लागल्या. रजनीने पहिली उघडली. पडदा काळा. दुसरी उघडली. काळा. एकामागून एक सगळ्याच काळ्या. धरण नाही, पक्षी नाही, उजेडाची एक रेघ नाही.

तिने मान मागे टेकवली. हे करणारा माणूस जाणकार होता. नुसतं पुसलेलं परत निघतं हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने आधी सगळं पुसलं, मग भिंगावर झाकण लावून कॅमेरा तासन् तास चालू ठेवला आणि जुन्या चित्रांवर काळोख भरला. मग परत पुसलं. कार्ड मोडून फेकता आलं असतं, पण पोलिसांच्या नोंदीत कार्डासकट कॅमेरा होता. कार्ड गायब झालं असतं तर प्रश्न आले असते. बिघडलेल्या कार्डाला कोणी प्रश्न विचारत नाही.

सगळ्यात शेवटी एक मोडका तुकडा सापडला होता. तो उघडतच नव्हता. तिने तो बाजूला ठेवला आणि यंत्र बंद करायला हात नेला.

तेव्हा तिचं लक्ष पडद्याच्या तळाशी गेलं. काळ्या चित्राखाली आवाजाची हिरवी रेघ हलत होती.

झाकण भिंगाला लागतं. माइकला लागत नाही.

तिने हेडफोन चढवले. आधी पंख्याची घरघर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि मग कोणीतरी रडायला लागलं. पुरुष होता. तोंडात काहीतरी कोंबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून धडपडत रडणारा. शब्द एकही नाही. रजनीने आजवर पुष्कळ रडणी ऐकली होती, लग्नातली, मयतीची. हे ऐकताना मात्र तिला एकदा हेडफोन काढून ठेवावे लागले.

पुन्हा लावले तेव्हा रडणं थांबलं होतं. दूर कुठेतरी कोंबडा आरवला. म्हैस हंबरली. परत कोंबडा.

शैलेशची कॅमेऱ्याची बॅग कुठे कुठे फिरली ते कुशाबांनीच सांगितलं होतं. पहिली रात्र त्यांच्या घरी. मग नरहरीने ती भुकूमला आपल्या फ्लॅटवर नेली. मग आठवड्याभराने उत्कर्षाने तिथून आपल्या घरी आणली. घरं तीन. त्यातली दोन नव्या वस्त्यांमधली.

फोन वाजला. कुशाबा होते, घरी पोचले होते. “काय गावलं का, ताई?”

ती उत्तर देणार तोच त्यांच्या पाठीमागे, अगदी जवळ, एक कोंबडा आरवला.

३

सकाळी ती स्कूटरवरून पौडमार्गे मुळशीला गेली. धरणावर धुकं होतं आणि पाण्याला रंगच नव्हता. खालच्या खाचरात तंबूंच्या जागी पिवळ्या पडलेल्या गवताचे चौकोन उरले होते.

राजू गोठ्याच्या कट्ट्यावर बसला होता. तिशीही न गाठलेला, पण दाढी वाढलेली, नजर खाली.

“रडलास का रे त्या दिवशी?” रजनीने सरळच विचारलं.

“रडलो की. म्याच काढलं त्यांना भाईर. पान्यानं कसं झालं व्हतं मानूस. तुमी रडला नसता?”

“कॅमेऱ्याला हात लावलास?”

“आईनं बॅग कपाटात ठिवली. म्या मोबाइलवर रील करतो, ताई. त्या कॅमेऱ्याचं बटन कुटं असतं ते बी ठावं न्हाई.” तो कडवट हसला. “आता म्हनाल, खोटं बोलतोय. म्हना. समदे म्हनत्यात.”

“जॅकेट?”

“एक दिलं व्हतं. सांच्याला, शैलेश सरांच्या हातात. बाकीची खोलीत, कुलपात. मला ईचारल्याबिगर होडी काढू नका म्हनलो व्हतो. पर साखळी लावली न्हवती.” त्याने मान वर केली. “ती चूक माझी हाय. ती म्या पोलिसांना बी सांगितली. जी न्हाई ती कशी सांगू?”

त्याची आई तुळजाबाई चहा घेऊन आली. कप ठेवला, पण आत गेली नाही. पदराचं टोक बोटांना गुंडाळत उभी राहिली.

“ते जाकीट म्या बघितलं व्हतं,” ती म्हणाली. “त्या सकाळी. होडी उलटी दिसली म्हनून वरडाआरडा झाला, तवा म्या भाईर आले. दोरीवर व्हतं. टपटप पानी गळत व्हतं त्याचं.”

“दवाने भिजलं असेल.”

“दवानं येवढं भिजतंय व्हय? शेजारी माझं लुगडं व्हतं. ते नुसतं सर्द. आन् ह्याच्याखाली जमिनीवर थारोळं.”

“पोलिसांना सांगितलंत?”

“मला कुनी ईचारलं?”

रजनीने चहा तसाच ठेवला. शैलेशच्या अंगावर जॅकेट नव्हतं. बाकीची दोघं तर तंबूत झोपलेली होती. मग ते जॅकेट घालून पाण्यात कोण उतरलं होतं?

ती पाण्याच्या कडेला जाऊन एका खडकावर बसली आणि लॅपटॉप उघडून काळ्या फायली पुढे ऐकू लागली. कोंबडा, म्हैस, पंखा. मग बराच वेळ काही नाही. मग भिंतीपलीकडून एक बारीक, यांत्रिक बायकी आवाज आला. तो परत परत तेच सांगत होता. “कृपया दरवाजा बंद करें. कृपया दरवाजा बंद करें.”

लिफ्ट. कोणीतरी लिफ्टचं दार उघडं टाकून गेलं होतं.

तिने वळून कुशाबांच्या कौलारू घराकडे पाहिलं आणि छातीतला एक दगड उतरल्यासारखं तिला वाटलं. राजू नव्हे. हे शूटिंग इथलं नव्हे.

शेवटची फाइल उरली होती. ती संपत आली तेव्हा दारावरची बेल वाजली. थोड्या वेळाने परत वाजली. पुरुषाने आतून काहीतरी उत्तर दिलं, ते पंख्यात विरलं. आणि मग एका बाईचा आवाज आला, थकलेला, ओळखीचा.

“झालं का तुझं?”

तिथेच शूटिंग थांबलं होतं.

हा आवाज रजनीने कालच फोनवर ऐकला होता.

४

उत्कर्षाचं घर कासारसाईच्या वाटेवर होतं. एका ओळीतली बैठी घरं, प्रत्येकाला पुढे हातभर अंगण. शैलेशचे बूट अजून दाराशी होते.

रजनीने पाणी घेतलं, खोलीभर नजर फिरवली, आणि ते शेवटचे शब्द ऐकवले.

उत्कर्षा लॅपटॉपकडे पाहत राहिली. “हा माझा आवाज आहे.”

“हो.”

“म्हणजे ते मी पुसलं असं तुम्हाला वाटतंय.”

“मुळशीहून निघाले तेव्हा वाटलं होतं. वाटेत विचार करत आले.” रजनीने खुर्ची पुढे ओढली. “या आवाजाच्या आधी बेल वाजलीय. घरातलं माणूस बेल वाजवत नाही. बेल वाजवून जो बोलतो तो बाहेरचा. आणि त्याच्याही आधी लिफ्ट बोललीय. तुमच्या या घरांना जिनाच नाही, तर लिफ्ट कुठून येणार? आठवून सांगा, हे तुम्ही कुठे म्हणाला होतात?”

उत्कर्षाने डोळे मिटले. “नरहरीकडे. बॅग आणायला गेले होते. बेल वाजवली तर दार उघडेना. परत वाजवली. तो आतून म्हणाला, आवरतोय, थांबा. म्हणून मी विचारलं, झालं का तुझं.” तिने डोळे उघडले. “त्याचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं, एक तरी माणूस आहे माझ्यासारखं रडणारं.”

 बाहेर पाण्याचा टँकर मागे मागे घेतल्याचा आवाज येत होता.

“आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं,” उत्कर्षा मग म्हणाली. “त्याला नोकरी सोडायची होती. पूर्णवेळ कॅमेरा. मी म्हटलं, मग तुझ्या पक्ष्यांबरोबरच संसार कर. तो चादर घेऊन बाहेर कॅमेऱ्यापाशी जाऊन झोपला. ते माझं शेवटचं वाक्य. त्याच्या घरचे म्हणतात, तू त्याला घालवलंस. सासरे कराडहून फोनसुद्धा करत नाहीत.” ती थांबली. “आणि एक मला कळतच नाही. तो कृष्णेकाठचा. लहानपणापासून पोहणारा. काठापासून एवढ्याशा अंतरावर बुडाला कसा?”

“नरहरीला पोहता येतं?”

“नाही. तो पाण्याला घाबरतो.”

रजनी उठली. “चला. त्यालाच विचारू.”

५

नरहरीची इमारत भुकूमला मुख्य रस्त्यापासून आत होती. कुंपणाच्या भिंतीला लागूनच कोणाचा तरी गोठा होता आणि त्याच्यापुढे कोंबड्या टिपत होत्या. फाटकातून शिरताना म्हैस हंबरली. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर रजनीने दार मुद्दाम उघडं ठेवलं, आणि लिफ्ट बोलू लागली. उत्कर्षाने पुढे होऊन बेल वाजवली.

दार उघडणारा माणूस पूर्वी अंगाने भरलेला असावा. आता सदरा खांद्यावर लोंबत होता. त्याने आधी उत्कर्षाकडे पाहिलं, मग उघड्या लिफ्टकडे, मग रजनीच्या हातातल्या लॅपटॉपकडे. तो आत जाऊन बसला.

रजनीने त्याला त्याचंच रडणं ऐकवलं. थोडंसंच. मग बेल, मग उत्कर्षाचा आवाज.

“हो,” नरहरी म्हणाला. “मीच पुसलं.”

“का?”

तो फरशीकडे पाहत बोलू लागला. “वहिनी, मी हे तुम्हाला कधी सांगणार नव्हतो. तो अपघात नव्हता. शैलेशने स्वतः उडी मारली. मी तंबूच्या तोंडाशी आलो होतो, मी पाहिलं. कयाक आत नेली आणि उडी मारली. हात मारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही त्याने. हे सगळं कॅमेऱ्यात आलं असणार. तुम्ही बघितलं असतं, त्याच्या आईवडिलांनी बघितलं असतं. मग आयुष्यभर तुम्हाला कोणी दारात उभं केलं असतं का? आधीच भांडणाचं सगळ्यांना कळलं होतं. म्हणून पुसलं.”

उत्कर्षाच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं रक्तही उतरलं.  इतके दिवस ती स्वतःला हेच सांगत आली होती, आणि आज ते दुसऱ्याने म्हटलं होतं.

“दोरीवरचं जॅकेट ओलं होतं,” रजनी म्हणाली.

“मीच घातलं होतं. काठावर पडलं होतं, ते घालून त्याला धरायला पाण्यात उतरलो. पण मला पोहता येत नाही. छातीएवढ्या पाण्यातून परत आलो.”

“आणि राजू? जॅकेट दिलंच नव्हतं, असं सांगितलंत तुम्ही.”

“काहीतरी कारण द्यायला हवं होतं. अपघात वाटायला हवा होता.” त्याने हात जोडले. “राजूचं वाईट वाटतं मला. पण मेलेल्या मित्राची अब्रू मोठी होती.”

प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. ओल्या जॅकेटला, रडण्याला, पुसण्याला. रजनीने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. रडणं खरं होतं, यात तिला शंका नव्हती. पण रडणं खरं असलं म्हणून बोलणंही खरं असतं, असं नव्हे. त्याला खोटं ठरवील असं तिच्याकडे काहीच नव्हतं.

खाली आल्यावर उत्कर्षा फाटकाशीच बसली. “त्याच्या घरच्यांचंच बरोबर होतं. मीच घालवलं त्याला.”

“थांबा,” रजनी म्हणाली. “त्या दिवशी तुम्ही बेल वाजवलीत तेव्हा त्याने घाईने कॅमेरा बंद केला. बरोबर? आणि बॅग लगेच तुमच्या हातात दिली?”

“लगेच. मी चहासुद्धा घेतला नाही.”

“म्हणजे कार्ड काठोकाठ भरायच्या आधीच त्याला थांबावं लागलं.”

६

तो मोडका तुकडा काळ्या फायलींमधला नव्हता. काळोख जिथवर पोचला नाही, त्या शेवटच्या चिमूटभर जागेत तो उरला होता.

तो उघडत नव्हता, कारण त्याचं डोकं गेलं होतं. चित्र कसं मांडलंय, आवाज कुठे आहे, याची माहिती फायलीत एका जागी असते, आणि तीच पुसली गेली होती. अशा तुकड्याला दुरुस्त करायला त्याच कॅमेऱ्याची, त्याच मांडणीतली एक धड फाइल नमुन्याला लागते. जुनी एकही धड फाइल उरली नव्हती. पण काळ्या फायली होत्या. नरहरीने झाकण लावलं तेव्हा कॅमेऱ्याची मांडणी बदलली नव्हती. ज्या फायलींनी शैलेशचं शूटिंग गाडलं, त्यांच्याच नमुन्यावर रजनीने त्याचा शेवटचा तुकडा जोडला. तीन वेळा बिघडला. चौथ्यांदा उघडला.

तिने तो पाहिला आणि तिघांना बोलावून घेतलं.

नरहरी येणार नाही असं तिला वाटलं होतं. तो आला. कुशाबा आधीच येऊन त्याच खुर्चीच्या कडेवर बसले होते. उत्कर्षा दाराशी उभी राहिली, बसा म्हटलं तरी बसली नाही.

पडद्यावर सकाळचं राखी पाणी होतं. चित्राचा खालचा भाग फाटल्यासारखा थरथरत होता, पण काठावरची कयाक स्पष्ट दिसत होती. तिच्याजवळ दोन माणसं. एकाच्या अंगावर नारिंगी जॅकेट होतं आणि दुसरा वाकून त्याचे पट्टे आवळत होता. वाकलेला शैलेश होता.

“अरे, एकच आहे, तूच घाल,” शैलेशचा आवाज आला. “मला काय करायचंय? तू बुडालास तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?”

नरहरीचा आवाज पुटपुटला, “नको रे, खरंच नको.”

“बेटापर्यंत जाऊन येऊ. बगळ्यांची पिल्लं दाखवतो. चल.”

कयाक हलली. चित्र थांबलं.



“पुढे?” उत्कर्षाने विचारलं.

“पुढे नाहीये,” रजनी म्हणाली. “कार्ड इथे भरलं आणि कॅमेरा आपोआप थांबला. रात्र संपायच्या आधीपासून चालू होता तो.” ती नरहरीकडे वळली. “तुम्ही पुसण्याआधी ते एकदाही लावून पाहिलं नाहीत, ना?”

नरहरीने मान हलवली.  “मी पाण्यातून वर आलो तेव्हा कॅमेरा तिथे उभा होता. मला वाटलं, त्याने सगळं पाहिलंय. मला त्याच्याकडे बघवेना.”

“काय पाहिलंय?”

तो सांगू लागला तेव्हा कोणाकडेच पाहत नव्हता. आत गेल्यावर कयाक डुगडुगली आणि तो घाबरून उभा राहिला. शैलेश ओरडला, बस, बस. दोघंही पाण्यात गेले. “मी त्याच्या गळ्याला मिठी मारली. तो म्हणत होता, सोड, तुझ्या अंगावर जॅकेट आहे, तू बुडणार नाहीस, सोड मला. मला कळत होतं तो काय म्हणतोय ते. हात सुटतच नव्हते. मग तो खाली गेला आणि मी तरंगत राहिलो.”

कुशाबांनी टोपी डोक्यावर चढवली. “म्या तवा गोठ्यात धारंला बसलो व्हतो,” ते हळू म्हणाले. “हाक मारली असतीस तर आलो असतो. राजू आला असता. त्यो माशावानी पवतो.”

“का नाही मारलीस?” उत्कर्षाने विचारलं. ती आता त्याच्या अगदी समोर येऊन उभी होती. “मिठी मारलीस ते समजू शकते. मीही मारली असती. काठावर आल्यावर एक हाक का नाही मारलीस, नरहरी?”

“माहीत नाही,” तो म्हणाला. “जॅकेट काढलं, दोरीवर टाकलं, कपडे बदलले आणि तंबूत जाऊन पडलो. पांघरूण घेतलं. मला वाटलं, आता कोणीतरी मला उठवेल आणि सांगेल.”

उत्कर्षाने हात उगारला नाही. त्याने रचलेली आत्महत्येची गोष्टही तिने तोंडावर फेकली नाही. नुसतं दार उघडलं. “पोलिसांकडे जायचंय. ऊठ.”

कुशाबा त्याच्या मागोमाग उठले आणि बाहेरच्या पायरीपाशी तो धडपडला तेव्हा त्यांनीच त्याचा दंड धरला. सोडताना मात्र हात धोतराला पुसला.

जबाब झाले. राजूवरचा जॅकेट न दिल्याचा आरोप गेला, साखळी न लावल्याचा राहिला. त्याने तंबू परत टाकले नाहीत. मोडलेलं लग्न मोडलेलंच राहिलं. त्या वर्षी त्याने खालच्या खाचरातही भात लावला, एवढंच कुशाबांनी फोनवर सांगितलं.

उत्कर्षा एका दुपारी तो तुकडा घ्यायला आली. सासऱ्यांनाही एक प्रत पाठवायची होती. त्यांना फोन केलात का, असं रजनीने विचारलं नाही. तिने पेन ड्राइव्ह पुढे केला, पण उत्कर्षाने तो उचलला नाही.

“तुम्ही कान देऊन ऐकता. बाकीच्यांना जे ऐकू येत नाही ते तुम्हाला येतं.” तिने हेडफोन रजनीपुढे सरकवले. “माझ्यासाठी एकदा ऐकाल? मी कितीदा ऐकलं, पण मला आता कळेनासं झालंय. तो रागावलेला वाटतो का?”

रजनीने हेडफोन लावले. चारदोन वाक्यं होती. तिने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, मग पुन्हा एकदा डोळे मिटून ऐकली. उत्कर्षा टेबलाची कड धरून तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

रजनीने हेडफोन काढले.

“नाही,” ती म्हणाली. “तो हसतोय.”